शिवेवरचा तंबू

हरीओमचं वागणं मनकर्णाबाईला पहिल्या घडीपासून पटलं नाही. आठ महिन्यांनी घरी आलेला नातू, सोबत दोन दोस्त, पाठीवर बैलावर लादावं तसं सामान, आणि उंबऱ्यात पाय ठेवल्यावर, अजून हातावर पाणी पडलं नाही तोच पोरगा विचारतो काय, तर, "आजी, आपल्या डोंगरात अशी एखादी जागा सांग, जिथं कोणीच माणूस येत नाही."

आता ही काय विचारायची गोष्ट झाली? माणूस घरी येतो तो माणसं पाहायला. ज्याला माणसंच नको त्यानं पुण्याहून रातभर गाडीचे धक्के कशाला खावेत? तिथं तर तो स्वतःच्या खोलीला आतून कडी लावून बसतो, असं त्यानंच फोनवर सांगितलं होतं. मग बसायचं होतं कडी लावून.

"कायले पायजे तुले अशी जागा?" तिनं विचारलं.

"तंबू लावाचा आहे आजी. आजची रात तिथं रायतो, सकाळी येतो."

"काहून? घर पडलं काय आपलं?"

"घर नाही पडलं व आजी. आजकाल सर्वेच जातेत. डोंगरात, लोकायपासून दूर. शांत वाटते."

मनकर्णाबाई दुसरीपर्यंतच शिकलेली होती, पण घराबाहेर कोण झोपतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तीनच तऱ्हेची माणसं झोपतात: रानडुकरं हाकलायला वावरात जागलीला गेलेली, पिऊन वाट चुकलेली, आणि घरातून हाकललेली. वावरात सध्या तूर उभी होती, पण पुण्याची पोरं जागलीला गेली हे कोणी मानणार नव्हतं. ते पिऊन आले नव्हते हेही गल्लीनं पाहिलं होतं. म्हणजे गल्ली तिसरं धरणार. मनकर्णाबाईनं पाहुणे हाकलले.

आणि नेमकं तेच तिला चालणार नव्हतं. आसेगावच्या पुढच्या त्या एवढ्याशा पिंपळदऱ्यात तिची एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि ज्याला माहीत नसेल त्याला ती स्वतः थांबवून सांगे. लग्न होऊन आल्याला बावन्न वर्षं झाली, या घरचा पाहुणा कधी दुसऱ्याच्या चुलीवरचं जेवला नव्हता. एकदा सोयरे चुकून चुलत दिराकडे पंगतीला बसले होते, तर ती तिथं गेली आणि भरल्या पानावरून त्यांना उठवून घेऊन आली. व्याह्याच्या हातात घास होता. तो घास त्यानं तिच्या अंगणात येऊन खाली ठेवला, तेव्हा ती हसली.

"बरं," ती म्हणाली, "अन् तिथं जेवान काय?"

"आणलं ना आम्ही," राजपाल म्हणाला. हा लातूरकडचा, दारातून आडवा होऊन आत आलेला गडी. त्यानं पिशवीतून चार चकचकीत पाकिटं काढली. "यात पुलाव आहे आजी. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, झालं."

"आंघोयीच्या पाण्यात?"

"कोणत्याही."

मनकर्णाबाईनं पाकीट हातात घेतलं, नारळासारखं कानाशी नेऊन हलवलं. काही वाजलं नाही. तिनं ते दोन बोटांनी परत केलं. दुसरा दोस्त करण, पुण्याचा, चष्मेवाला, काहीही म्हटलं की "हो आजी" म्हणणारा. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "बापू, तुही माय तुले हेच चारते काय?"

"हो आजी," करण म्हणाला.

मग मात्र तिनं पदर खोचला. पोरं जाणारच असतील तर जागा ती स्वतः निवडणार, आणि जागा आपल्याच शिवारात असणार. त्या भागात जुनी रीत आहे: ज्या गावच्या शिवारात परका माणूस आडवा होईल, त्या गावानं त्याला जेवू घालायचं. मेंढरंवाला असो, मधवाला असो, नाहीतर वाट चुकलेला साधू असो. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, त्यामुळे ती मोडायची पळवाटही कोणाला सापडली नव्हती. शिवार आपलं असलं की चूल आपली.

दुपारची जेवणं झाल्यावर तिच्या लेकानं, रामकिसननं, ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत चार घड्यांची गोधडी टाकून मनकर्णाबाई मधोमध बसली आणि तिन्ही पोरं कडेला धरून उभी राहिली.

पहिली जागा हरीओमची होती. त्यानं मोबाइलमध्ये आभाळातून काढलेला डोंगराचा फोटो पाहून ती शोधली होती. नाल्याचं वळण, पळसाची झाडी. "इथं पाय आजी, दोन किलोमीटर एक घर नाही, एक रस्ता नाही."

पोचले तेव्हा तिथं आठ माणसं बसली होती. प्रत्येक जण वेगळ्या गोट्यावर, प्रत्येकाच्या कानाला फोन. पिंपळदऱ्यात रेंज फक्त त्या वळणावर येते, नाहीतर थेट डोंगराच्या माथ्यावर, हे फोटोत दिसत नव्हतं. माणिकराव लेकीच्या सासऱ्याशी मोठमोठ्यानं बोलत होते. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "या काकू, बसा. तो पलीकडचा गोटा रिकामा आहे. तिथं व्हिडिओबी दिसते."

"आमाले एकांत पायजे," मनकर्णाबाई म्हणाली.

"एकांत असता तं रेंज आली असती काय?" माणिकराव म्हणाले आणि पुन्हा सासऱ्याकडे वळले.

दुसरी जागा तिची होती. डोंगराच्या अर्ध्यावर कुरणाचा एक पट्टा आहे, गुरंसुद्धा तिकडे जात नाहीत. ट्रॅक्टर चढून वर आला तर पट्ट्यावर अकरा बाया. गवत कापून झालेलं, जमीन खराट्यानं झाडलेली, शेणाचा सडा टाकलेला आणि सड्यावर सहा बाय सहाची रांगोळी. कडेला तिची सून गोवऱ्यांच्या आरात रोडगे लावून बसली होती. कणकेचे ते गोळे भाजायला चांगला दीड तास लागतो, म्हणून मनकर्णाबाईनं पोरं जेवत होती तेव्हाच सगळ्यांना पुढे धाडलं होतं. वांग्याच्या भाजीचा गंज तीन दगडांवर रटरटत होता.

हरीओमनं डोक्याला हात लावला. "आजी, जंगलात सडा?"

"मंग? पाहुणे बिनसड्याच्या जागेवर निजतीन काय?"

"अवो पण इथं कोणी नको होतं!"

"कोणी नाहीच आहे. ह्या काय परक्या बाया आहेत?"

अकराही बायांनी मान हलवली. त्यातली एक करणला म्हणाली, "लाजू नको बापू, आमी तुह्याकडे पाहत नाही." आणि अकराजणी मिळून त्याच्याकडे पाहत राहिल्या.

राजपालला जागा पसंत होती. भाजीच्या वासानं तो रांगोळीपर्यंत पोचलाही होता. पण हरीओमनं त्याला पिशवीच्या पट्ट्याला धरून ओढलं आणि तो थेट वर चालू लागला, बोडख्या डोंगराच्या माथ्याकडे. तिथं झाड नाही, पाणी नाही, सावली नाही. ट्रॅक्टरही जात नाही. मनकर्णाबाई पायी चढली. रामकिसननं मागून "माय, बस ना आता" असं चार वेळा म्हटलं. पाचव्या वेळी तिनं मागे वळून नुसतं पाहिलं.

माथ्यावर बाजा दोन मावतील एवढीच सपाट जागा होती, बाकी सगळा उतार. आणि त्या सपाट जागेच्या बरोबर मध्यावर चुना फासलेला शिवेचा दगड. दगडाच्या उत्तरेला पिंपळदरा, दक्षिणेला लखीराम तांडा.

"दगडाच्या अलीकडे लावा," ती म्हणाली.

"अलीकडे मावत नाही आजी," हरीओम म्हणाला. त्यानं पिशवी झटकली आणि केशरी रंगाचा तंबू भुसकन फुगला. ठोकला तेव्हा दगड बरोबर दाराशी आला आणि तंबू दोन्ही गावांत सारखा पसरला.

हवा गार होती, सूर्य अजून दोन हात वर होता, आणि खरंच कोणी नव्हतं. हरीओम हात पसरून उभा राहिला. "पाय, हे! हे पायजे होतं!"

हे बोलून त्यानं हात खाली घेतले नसतील, तोच दक्षिणेच्या उतारावरून एक टोपली वर येताना दिसली. टोपलीखाली चंदा होती आणि चंदाच्या पुढे तिची सासू भुरीबाई. हातभर पांढऱ्या बांगड्या, कमरेवर हात, दम जराही लागलेला नाही. मनकर्णाबाईनं आणि तिनं जवानीत एकाच वावरात निंदण केलं होतं आणि कोणाची पात पुढे जाते यावर वीस वर्षं दातओठ खाल्ले होते. दोघी एकमेकींच्या घरी जेवल्याही होत्या. पण ते वेगळं. ते कामाचं जेवण. पाहुणा म्हणजे वेगळी गोष्ट.

"राम राम मनकर्णा," भुरीबाई म्हणाली. "खालून केशरी दिसलं. म्हटलं, आमच्या शिवारात पाहुणे उतरले. बाटी आणली." तांड्यात भाकरीला बाटी म्हणतात.

"तुह्या शिवारात नाही व. माह्या घरचे आहेत."

"घरचे असतीन. पण तंबू पाय ना, अर्धा इकडे आहे."

"अर्धा तिकडेबी आहे."

"मंग अर्धं मी चारतो, अर्धं तू चार."

"माह्या घरचा पाहुणा अर्धाबी दुसऱ्याचं खात नाही," मनकर्णाबाई म्हणाली. मग तिला एक गोष्ट सुचली आणि ती खुश झाली. करण आपलं अंथरूण पसरत होता, आणि त्याची उशी तिच्या बाजूला होती. "अन् मले सांग भुरीबाई, तंबू जेवते काय? माणूस जेवते. अन् माणसाचं काय जेवते? तोंड. तं मंग तोंड ज्याच्या शिवारात, जेवान त्याचं. मंजूर?"

भुरीबाईनं उशीकडे पाहिलं, मनकर्णाबाईकडे पाहिलं. "मंजूर," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

करण आडवा झाला, लांबी बरोबर आहे का ते पाहायला. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. आणि मनकर्णाबाईच्या तोंडातून, तिला कळायच्या आत, पन्नास वर्षं घरातल्या प्रत्येक लेकराला दिलेली डरकाळी बाहेर पडली.

"अरे मुडद्या! उत्तरेकडे डोकं? पाय जमराजाकडे? जिता आहे ना तू? फिरव, फिरव डोकं!"

"हो आजी," म्हणून करण ताडकन उठला आणि फिरला. उशी दक्षिणेला गेली. तोंड तांड्यात गेलं.

भुरीबाई सावकाश दगडावर टेकली. "वाढ व चंदा," ती म्हणाली.

"थांब!" मनकर्णाबाई म्हणाली. "पूर्वेकडे डोकं करतीन. पूर्वेले चालते."

पूर्वेला चालतं हे भुरीबाईला नाकारता येईना. पण तंबू आडवा फिरवला की तिघंजण ओळीनं पडणार: एक उत्तरेला, एक दक्षिणेला आणि एक बरोबर दगडाच्या रेघेवर. आता कोण कुठं, हे ठरवणं आलं. एव्हाना खालच्या पट्ट्यावरच्या अकरा बाया वर आल्या होत्या. फोनवरची आठ माणसं काय झालं म्हणून आली होती. तांड्याकडून भाऊसिंग नाईक दहा-बारा माणसं घेऊन आले होते. पिंपळदऱ्यात उरलेली माणसं आणि कुत्रीसुद्धा रोडग्यांच्या वासानं चढून आली.

"राजपाल माह्या बाजूनं," मनकर्णाबाई म्हणाली.

"वा! खाणारा गडी तुले अन् हा चिमणा मले?" भुरीबाई म्हणाली. "राजपाल माहा. करण तू ठेव."

"तूच ठेव व. हा तं दोन घासात उठते. याच्यानं कोणाचं नाव होईन?"

"आजी, मी खातो तसं..." करण हळूच म्हणाला.

"तू मंधात बोलू नको बापू. हे तुह्या पोटाचं काम नाही."

"अन् रातच्याले त्यानं कूस बदलली तं?" माणिकरावांनी खरा प्रश्न विचारला. "लोळत लोळत इकडचा तिकडे गेला तं सकाळचा चहा कोणाचा?"

यावर दोन्ही गावांत चांगलीच जुंपली. एक म्हणाला, कमरेला दोर बांधा. दुसरा म्हणाला, आधी शीव तरी बरोबर आहे का पाहा. हा दगड मागच्या साली कोणीतरी हलवला. हे ज्याला झोंबायचं त्याला झोंबलं. रामकिसननं ट्रॅक्टरचा दोर आणला आणि सगळे दोर घेऊन माथ्याच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या दगडापाशी निघाले. दगड ते दगड दोर ताणला की कळेल.

"आजी, आम्ही पाणी घेऊन येतो," हरीओम म्हणाला.

"जाय, जाय," मनकर्णाबाई म्हणाली. तिचं सगळं लक्ष भुरीबाईच्या हातातल्या दोराच्या टोकाकडे होतं. ती बाई निंदणातही पात चोरायची.

दोर तीनदा ताणला. तिसऱ्यांदा दोन्ही गावं कबूल झाली की दगड जागच्या जागी आहे. मग तडजोड निघाली, आणि तडजोड चांगली होती: राजपाल मधोमध रेघेवर निजेल, त्याला दोन्हीकडून वाढायचं, आणि ज्याला तो आधी 'पुरे' म्हणेल ते गाव हरलं. भाऊसिंग नाईक म्हणाले, असा निवाडा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. मनकर्णाबाईलाही मनातून बरं वाटलं. तिच्या हातचं खाऊन 'पुरे' म्हणायला माणसाला दोन तोंडं लागली असती.

सगळे खुशीत मागे आले. सपाट जागेवर दगड होता. तंबू नव्हता. पोरं नव्हती. जमिनीत खुंट्यांची भोकं तेवढी होती.

सूर्य टेकला होता. कोणी म्हणालं, बिबट्या. कोणी म्हणालं, बिबट्यानं पोरं नेली असती, तंबूची घडी घातली नसती. माणिकरावांनी हरीओमला फोन लावला, कानाशी धरला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "लागत नाही! म्हणजे गावातच आहेत."

हे सगळ्यांना पटलं. चाळीस-पन्नास माणसं डोंगर उतरली. रोडग्यांची टोपली बायांच्या डोक्यावर, भाजीचा गंज बांबूला लटकवून दोघांच्या खांद्यावर, आणि बाटीची टोपली चंदाच्या डोक्यावर. कारण भुरीबाई म्हणाली, निवाडा झाला नाही तोवर तीही मागं फिरणार नाही.

गाव रिकामं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मनकर्णाबाईच्या अंगणात मधोमध केशरी तंबू उभा होता आणि चुलीचा धूर छपरावरून निघत होता. चुलीपुढे तिघं मांडी घालून बसलेले. मध्ये तिचं दुधाचं पातेलं, पातेल्यात गढूळ पाणी, आणि पाण्याशेजारी चार फाटकी पाकिटं. आतून चाटूनपुसून साफ.

हरीओमचं तोंड आनंदानं फुललं होतं. "आजी, तुले काय सांगू! अख्ख्या गावात एक माणूस नव्हता. कुत्रंबी नाही. असं वाटे का दुनियेत आपण तिघंच. अशी जागा साऱ्या डोंगरात सापडली नाही!"

भुरीबाई पुढे झाली, चुलीत डोकावली, निखारा हलवून पाहिला. मग कमरेवरचा हात काढला. बाई भांडकुदळ होती, पण खोटी नव्हती. "चूल तुही आहे मनकर्णा. तुह्याच चुलीवरचं जेवले. तू जिंकली व माय."

साऱ्या गल्लीनं ऐकलं. मनकर्णाबाईनं हसायला तोंड उघडलं, आणि हसू आलं नाही. ती पाकिटांकडे पाहत राहिली.

"वाढलं कोणं?" तिनं विचारलं.

तिघं एकमेकांकडे पाहू लागले. "वाढलं म्हणजे..." करण म्हणाला, "आमचं आम्हीच घेतलं, आजी."

"पोट भरलं?"

करण यावेळी 'हो आजी' म्हणाला नाही. राजपालनं खालच्या मानेनं भाजीच्या गंजाकडे एकदा पाहिलं, फक्त एकदा.

चुलत दिराच्या पंगतीतून तिनं सोयरे उठवून आणले होते. पण तिथंही त्यांच्यापुढे एक बाई कमरेत वाकून उभी होती, घ्या ना, अजून एक घ्या, म्हणत. इथं तिच्याच घरात, तिच्याच चुलीपुढे दोन पाहुणे उपाशी बसले होते आणि घ्या म्हणायला कोणी नव्हतं. भुरीबाईनं हरवलं असतं तरी एवढं लागलं नसतं. भुरीबाईनं निदान वाढलं असतं.

तिनं पदर सोडला, पुन्हा खोचला आणि नातवापुढे येऊन उभी राहिली.

"हरीओम, ऊठ. भुरीबाई म्हणते मी जिंकली, पण मी हरली, अन् तिच्याच्यानं नाही, तुह्याच्यानं हरली. हे दोघं पाहुणे आहेत, त्यायचा काही दोष नाही. घरात घरचा तूच एकटा होता. पाहुण्यापुढे पान मांडाचं, त्याले घे म्हणाचं, नाही म्हटलं तं अजून एक टाकाचं, हे तुह्या हातात होतं. अन् तूच त्यायच्या बराबर पाकीट चाटत बसला. ज्याले वाढता येत नाही तो घरचा नाही, पाहुणाबी नाही; त्याले काय म्हणतेत ते मले ठाऊक नाही. आता बसाच्या पट्ट्या हंथर. हे दोन्ही गाव अंगणात बसतीन, अन् पंगत उठेपर्यंत तू एकटा वाढशीन. माह्या घरचं नंतर. पयले भुरीबाईच्या टोपलीतलं वाढ, राजपालच्या पानात. अन् हात धू आधी."